नाव, आडनाव आणि आत्याचा मान
(द्वितीय वर्ष, कला)

मराठी भाषेत ‘नाव’ या शब्दाइतके राबणारे शब्द थोडेच असतील. आपण मुलाचे नाव ठेवतो, आणि शेजाऱ्याला नावे ठेवतो. मुलगा नाव काढतो किंवा नाव घालवतो. नवी नवरी उखाण्यात नाव घेते. नाव सोनूबाई असून हाती कथलाचा वाळा असला तर लोक हसतात. पण या म्हणीत हसू आहे ते वाळ्याला, सोनूबाई या नावाला नाही, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. गरिबाघरच्या आईबापांनी मुलीला सोन्याचे नाव दिले, कारण नाव ही एकच वस्तू अशी होती की जी त्यांना फुकट आणि हवी तेवढी भारी देता येत होती.

पण खरोखरच ती फुकट व मोकळी वस्तू आहे काय? नाव कोण ठेवतो, कोणाचे ठेवतो, कोणाचे पुसतो, आणि कधी कधी एखाद्याचे आडनावच दुसऱ्याचे नाव कसे होऊन बसते, या प्रश्नांचा विचार या लेखात करावयाचा आहे. विषय घरगुती आहे. परंतु त्याचे धागे गृह्यसूत्रांपासून सरकारी दाखल्यापर्यंत जातात, आणि त्यांतला एक धागा तर थेट आपल्या खारेपाटणातून जातो.

शास्त्राचे नियम

मुलाचे नाव कसे असावे याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. पारस्कर गृह्यसूत्रात सांगितले आहे की दहाव्या दिवशी बापाने मुलाचे नाव ठेवावे. ते दोन किंवा चार अक्षरी असावे, त्याच्या आरंभी मृदू (घोष) व्यंजन असावे, मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादे अक्षर असावे. मुलीचे नाव मात्र विषम अक्षरांचे व आकारान्त असावे.

याच ठिकाणी एक बारीक नियम आहे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. मुलाचे नाव कृदन्त असावे, तद्धित नसावे. मुलीचे मात्र तद्धित असावे. व्याकरणाच्या तासाला हे शब्द ऐकून आपण वहीत उतरवतो आणि विसरतो. कृदन्त म्हणजे धातूपासून, क्रियेपासून झालेला शब्द. तद्धित म्हणजे दुसऱ्या नामापासून झालेला. रघूच्या कुळातला तो राघव, भृगूच्या कुळातला तो भार्गव, कोसल देशाची ती कौसल्या, जनकाची ती जानकी. म्हणजे शास्त्रकारांच्या मते मुलाला त्याचे स्वतःचे, क्रियेतून आलेले नाव द्यावे. मुलीला मात्र कोणाची तरी, कुठली तरी म्हणून ओळखू येईल असे नाव द्यावे. आपल्या बोलीत सांगायचे तर कौसल्या म्हणजे ‘कोसलकरीण’!

मनुस्मृतीत याहून कडक विभागणी आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक असावे आणि शूद्राचे नाव मात्र जुगुप्सित, म्हणजे किळस वाटेल असे असावे, असे तिथे म्हटले आहे. आपल्या गावोगावच्या जुन्या नोंदींत कचरू, धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावे आढळतात. ती सगळीच मनूमुळे आली असे म्हणता येणार नाही. मुले जगत नसत त्या काळी, दृष्ट लागू नये, सटवाईने वा मृत्यूने लक्ष देऊ नये म्हणून आईबापांनी प्रेमाने वाईट नावे ठेवली. त्यांत सर्व जातींची माणसे होती. तरीपण प्रेमाने ठेवलेले वाईट नाव आणि हुकुमाने ठेवलेले वाईट नाव यांत फरक आहे, आणि नाव ऐकणाऱ्याला तो फरक कळत नाही, हे दुःख उरतेच.

तिसरे एक नाव असे आहे की त्यात प्रेमही नाही. मुलीवर मुली झाल्या की शेवटची ‘नकुशी’ व्हायची. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नाव बदलल्याने घरातली वागणूक बदलेलच असे नाही. पण शाळेच्या हजेरीत रोज ‘मी नको आहे’ असे ऐकून ‘हजर’ म्हणण्यापासून तरी त्या मुली सुटल्या.

बारा दिवस आणि एकशे आठ अक्षरे

शास्त्र काही सांगो, आपल्याकडे नाव ठेवण्याचा कारभार बाप करीत नाही. पाचवी-सहावीच्या रात्री सटवी येऊन कपाळावर लिहून जाते, आणि बाराव्या दिवशी बायका जमून बारसे करतात. पाळण्यात आधी वरवंटा घालतात, मग मूल पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातांत देतात, आणि आत्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते. त्याच क्षणी तिच्या पाठीत धपाटे बसतात. सूत्रकारांनी बापाला दिलेला अधिकार लोकांनी असा बापाच्या बहिणीला देऊन टाकला आहे. लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या मुलीचा माहेरच्या वंशावर एवढा एक हक्क राहतो.

पत्रिकेतले नाव निराळे. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर, अशी एकशे आठ अक्षरे अवकहडा चक्रात दिलेली असतात. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. यांत आर्द्रेला ‘ङ’, हस्ताला ‘ण’ आणि उत्तराभाद्रपदेला ‘ञ’ ही अक्षरेही आहेत. या अक्षरांनी आरंभ होणारे नाव मराठीत कोणी दाखवावे! अर्थात अशा वेळी भटजी दुसरे अक्षर सुचवतात. यावरून एवढे लक्षात येते की हे कोष्टक हिशेबासाठी केलेले आहे, हाक मारण्यासाठी नाही. म्हणूनच पत्रिकेतले नाव एक, पाळण्यातले दुसरे आणि हाकेचे तिसरे अशी पद्धत पडली.

या तिघांत शेवटी जिंकते ते बहुधा हाकेचे नाव. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्य टिळकांचे पाळण्यातले नाव केशव; घरात ‘बाळ’ म्हणत. इतिहासात राहिले ते बाळ गंगाधर. आपल्या भागात पांडुरंगाचा पांडगो आणि रवळनाथाचा रवळू होतो तो याच न्यायाने.

खारेपाटणचा ताम्रपट

मुलांची नावे घराण्यात पुन्हा पुन्हा येतात याचा पुरावा शोधण्यासाठी आपल्याला लांब जावे लागत नाही. विजयदुर्गच्या खाडीने आत येणारी गलबते ज्या काळी खारेपाटणला लागत, त्या काळातला शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट आपल्या गावी सापडला. तो शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा आहे. त्याचे वाचन प्रथम प्रसिद्ध करणाऱ्यांत बाळशास्त्री जांभेकर होते. ते याच मुलखातले, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे.

या ताम्रपटात दक्षिण कोकणच्या शिलाहारांची वंशावळ दिलेली आहे. सणफुल्ल, धम्मियर, ऐयपराज, अवसर, आदित्यवर्मा, पुन्हा अवसर, इंद्रराज, भीम, पुन्हा अवसर, आणि शेवटी रट्टराज. दहा पिढ्यांत तीन अवसर. पहिल्या अवसराचा मुलगा आदित्यवर्मा आणि त्याचा मुलगा पुन्हा अवसर; म्हणजे नातवाला आजोबाचे नाव. पुढे पेशव्यांच्या घराण्यातही तेच दिसते. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव, त्याचा मुलगा बाळाजी. हजार वर्षांपूर्वीच्या राजाने जे केले तेच आपल्या वाडीतला शेतकरी करतो, आणि नातवाला ‘अरे’ म्हणताना आजीची पंचाईत होते, कारण ते सासऱ्याचे किंवा नवऱ्याचे नाव असते.

आता शेवटच्या नावाकडे पाहू. ‘रट्ट’ हे कोणाचे नाव? ते राष्ट्रकूटांच्या कुळाचे नाव. मान्यखेटच्या राष्ट्रकूटांना रट्ट म्हणत. सौंदत्तीला पुढे राज्य करणारे घराणेही रट्ट याच नावाने ओळखले जाते. आपले शिलाहार हे राष्ट्रकूटांचे मांडलिक. इ.स. ९७३ मध्ये चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांची सत्ता संपवली. तरीही पस्तीस वर्षांनंतरच्या या ताम्रपटात आधी राष्ट्रकूटांची वंशावळ येते, मग शिलाहारांची. अशा घराण्यातल्या राजाचे नाव रट्टराज असावे, यात मला जुन्या धन्याच्या कुळाचे स्मरण दिसते. हे अनुमान बरोबर असेल तर दुसऱ्याच्या कुळाचे नाव, म्हणजे आजच्या भाषेत आडनाव, मुलाला नाव म्हणून देण्याचे उदाहरण खारेपाटणच्या तांब्यावर हजार वर्षांपासून कोरलेले आहे.

आडनावाचे नाव कसे होते

या चालीची उदाहरणे जगात पुष्कळ आहेत. ‘विन्स्टन’ हे नाव आज सर्वांना चर्चिल यांच्यामुळे ठाऊक आहे. पण ते मुळात आडनाव. सतराव्या शतकातल्या पहिल्या विन्स्टन चर्चिलची आई माहेरची सारा विन्स्टन. तिचे माहेरचे आडनाव मुलाचे नाव झाले, आणि पुढे त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालले. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन डेलॅनो रूझवेल्ट यांच्या नावातला ‘डेलॅनो’ हाही त्यांच्या आईच्या माहेरचा. लग्नानंतर स्त्रीचे आडनाव नाहीसे होते अशा समाजात ते राखण्याची ही एक युक्ती होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दुसरे कारण थोर पुरुषांविषयीचा आदर. दक्षिण आफ्रिकेतल्या एका मुलाचे घरचे नाव रोलिह्लाह्ला. शाळेत गेल्यावर बाईंनी त्याला इंग्रजी नाव दिले, ‘नेल्सन’. हे मुळात इंग्रजांचे एक आडनाव. तोच पुढे नेल्सन मंडेला झाला. तमिळनाडूत करुणानिधींना १ मार्च १९५३ रोजी मुलगा झाला आणि पाच मार्चला रशियाचे स्टॅलिन वारले. मुलाचे नाव स्टॅलिन ठेवण्यात आले. २०२१ साली ते त्या राज्याचे मुख्यमंत्री झाले. रशियातल्या स्टॅलिन यांचे तरी ते कुठले! त्यांचे मूळ आडनाव जुगाश्विली. ‘पोलादी’ या अर्थाचे स्टॅलिन हे त्यांनी स्वतः घेतलेले. क्रिकेटपटू वॉशिंग्टन सुंदर याचे नाव अमेरिकेच्या अध्यक्षावरून नाही. त्याच्या वडिलांच्या शिक्षणाला व खेळाला मदत करणाऱ्या पी. डी. वॉशिंग्टन या निवृत्त सैनिकाची ती आठवण आहे. कृतज्ञता व्यक्त करायला पैसा नसला तरी मुलाचे नाव असते.

तमिळनाडूत नेहरू, टागोर, बोस ही नावे माणसांना सर्रास सापडतात. आपल्याकडे मात्र त्याच पिढीने मुलांची नावे जवाहर, सुभाष, अरविंद अशी ठेवली. आदर तोच, मग त्यांनी आडनाव घेतले आणि आपण नाव घेतले, असे का? याचे उत्तर मला असे वाटते. १९२९ साली चेंगलपट्टू येथे भरलेल्या स्वाभिमान परिषदेने जातिवाचक आडनावे टाकून देण्याचे आवाहन केले, आणि तिकडे हळूहळू आडनाव लावण्याची चालच राहिली नाही. ज्या समाजात आडनाव नाही, त्याला ‘नेहरू’ हे आडनाव म्हणून ऐकू येत नाही. ते नुसते एक नाव असते. महाराष्ट्रात तसे नाही. इथे मुलाला कोणी ‘टिळक’ असे नाव ठेवले तर पहिला प्रश्न येईल, ‘म्हणजे तुम्ही टिळकांपैकी का?’ तेव्हा नियम असा दिसतो की आडनाव आपले कुळ सांगायचे विसरले म्हणजेच त्याचे नाव होऊ शकते.

आपल्या किनाऱ्यावरचे ‘झेवियर’ हे नाव याचा उत्तम दाखला आहे. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडीपासून गोव्यापर्यंतच्या ख्रिस्ती घरांत हे नाव आढळते. १५४२ साली गोव्यात आलेल्या संत फ्रान्सिस झेवियर यांचे ते नाव. परंतु झेवियर हे स्पेनमधल्या नावारे प्रांतातल्या एका किल्ल्याचे नाव, आणि तो किल्ला त्यांच्या आईच्या घराण्याचा. मूळ बास्क भाषेत त्याचा अर्थ ‘नवे घर’. आपल्याकडच्या नवघरे या आडनावासारखाच. घराचे नाव गावाला, गावाचे आडनावाला, आडनावाचे संताला आणि संताचे मालवणच्या मुलाला असा हा प्रवास आहे. आज हाक मारणाऱ्याला त्यातला किल्ला ठाऊक नाही, आणि म्हणूनच ते नाव आपले झाले.

उलटा प्रवासही होतो. सुनील गावसकर यांनी आपल्या मुलाचे नाव रोहन जयविश्व असे ठेवले. रोहन कन्हाई, जयसिंहा आणि विश्वनाथ या तीन खेळाडूंची ती आठवण. यांतले कन्हाई हे खरे तर आपल्या कृष्णाचे नाव; मजूर म्हणून गयानाला गेलेल्या लोकांबरोबर ते समुद्रापार गेले आणि तिथे आडनाव होऊन बसले.

मराठी आडनावाला काय अडते?

सावंत म्हणजे सामंत, राऊत म्हणजे राजपुत्र. कुलकर्णी, देसाई, खोत ही हुद्द्यांची नावे. एवढ्या भारदस्त अर्थाची आडनावे असूनही ती आपण मुलांना नावे म्हणून देत नाही. कुळाचे कारण वर सांगितले. दुसरे कारण भाषेचे आहे. गोखले, राणे, तावडे ही आडनावे रूपाने आदरार्थी अनेकवचनासारखी आहेत. आडनावाने हाक मारताना आपण ‘अहो’ म्हणतो, नावाने मारताना ‘अरे’, आणि मालवणीत ‘काय रे’, ‘काय गो’. पाळण्यातल्या मुलाला ‘अहो राणे, उठा’ म्हणणे थट्टा होईल.

तथापि हा नियम आपण संस्कृतातल्या आडनावांना लावत नाही. राघव, भार्गव, यादव, कौशिक, काश्यप ही सगळी कुळाची किंवा गोत्राची नावे. गौतम हेही गोत्रनाम. बुद्धाला ते त्यावरून मिळाले. आज आपण यांतली बहुतेक नावे मुलांना बेलाशक ठेवतो, कारण त्यांतले कुळ आपल्याला ऐकू येईनासे झाले आहे. मुलाचे नाव तद्धित नसावे हा पारस्कराचा नियम आपण असा नकळत मोडला. मैथिली, वैदेही, जानकी ही मुलींची नावे ठेवताना तो नकळत पाळतो.

आडनाव बदलून माणसाचे आयुष्य कसे बदलते याचे उदाहरण आपल्याच कोकणातले आहे. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावच्या रामजी सकपाळ यांच्या मुलाचे आडनाव शाळेत गावावरून आंबडवेकर असे लागले, आणि पुढे आंबेडकर झाले. गावावरून पडलेले ‘कर’ आडनाव जात चटकन सांगत नाही. म्हणून ते अनेकांना आसऱ्यासारखे वाटले. कॉलेजात प्रवेश घेतलेल्या आमच्यासारख्या पहिल्या पिढीच्या मुलांना हे पटवून द्यावे लागत नाही. नाव सांगितल्यावर समोरचा ‘पुढे?’ असे विचारतो, त्या ‘पुढे’ मध्ये काय असते ते आम्हांला ऐकूनच माहीत नाही, अनुभवाने माहीत आहे.

आईचे नाव

आता मुलीच्या नावाकडे वळते. लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहितो. आडनावच नव्हे, नावही बदलते. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. ती रीत आहे. पण त्या रीतीचा परिणाम असा की दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरे, आणि दोन्ही एकाच बाईची आहेत हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र.

महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या मार्च महिन्यात निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावे शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने लिहावीत. इंग्रजांच्या देशात आईचे माहेरचे आडनाव मुलाच्या नावात लपवून जतन करावे लागले. आपल्याकडे आईचे नाव आता उघडपणे ओळीत आले. प्रश्न एवढाच उरतो, आईचे कोणते नाव?

हा प्रश्न आमच्या घरात गेल्या वर्षी प्रत्यक्ष उभा राहिला. भावाला मुलगी झाली आणि आत्या म्हणून नाव ठेवण्याचा मान माझ्याकडे आला. जन्माच्या नोंदीचा अर्ज भरताना आईच्या नावाच्या जागी घरच्यांनी वहिनीचे सासरचे नाव सांगितले. वहिनी बारावी पास आहे. ती शांतपणे म्हणाली, ‘माझ्या सगळ्या दाखल्यांवर माहेरचे नाव आहे. मुलीच्या नावात दुसरेच नाव आले तर जन्मभर तिला सांगावे लागेल की ही माझीच आई.’ दोन दिवस कोणी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनीच दाखल्यावरचे नाव लिहायला सांगितले. ते सातवीपर्यंत शिकलेले. ‘कागदाला कागद जुळला पाहिजे’ एवढेच त्यांचे म्हणणे. सुधारणा कधी कधी अशा व्यावहारिक दाराने घरात येते.

मुलीचे नाव ठरायचे होते. भटजींनी हस्त नक्षत्र, तिसरा चरण सांगितला, म्हणजे नेमके ‘ण’ अक्षर! भावाला मालिकेतले एक नाव हवे होते, आईला देवीचे. मी मात्र ताम्रपटाच्या वंशावळीचा विचार करीत होते. ती बापाकडून मुलाकडे जाते. नातवाला आजोबाचे नाव मिळते. मग नातीला किंवा पणतीला आजीचे का मिळू नये? पण आमच्या आजीचे नाव तरी कोणते? सगळी वाडी तिला माहेरच्या गावावरून ‘शेर्पेकरीण’ म्हणते. मतदारयादीत आहे ते लग्नातले. त्याआधीचे नाव विचारले तर ती म्हणाली, ‘माझां नाव माझ्याच ध्यानात नाय, तुका कित्याक व्हयां?’

शेवटी तिच्या माहेरी जाऊन तिच्या धाकट्या भावाला विचारले. त्यांनी क्षणभरही न थांबता सांगितले. साठ वर्षांत ते नाव कोणी उच्चारले नव्हते, पण त्यांच्या जिभेवर होते. तीन अक्षरी, आकारान्त, बोलायला सोपे. पारस्करालाही नापसंत होऊ नये असे. बारशाला मी ते मुलीच्या कानात सांगितले, आणि पाठीत धपाटे खाल्ले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे मोठ्याने सांगितले तेव्हा आजी पाळण्याची दोरी धरून होती. तिने मान वर केली. हाक कोणाला मारली हे पाहिल्यासारखी. ते नाव मी येथे छापत नाही. ते आता एका लहान मुलीचे आहे, आणि छापील कागदावर ते प्रथम तिच्याच दाखल्यावर येऊ द्यावे असे मला वाटते.

नाव निवडताना

या सर्व विवेचनातून नाव निवडणाऱ्यांसाठी काही गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट कायद्याची. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नाव ठरलेले नसतानाही जन्माची नोंद करता येते. पुढे बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते. त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. तेव्हा नोंदणीच्या घाईत हाती लागेल ते नाव लिहून टाकण्याचे कारण नाही. मात्र एकदा लिहिले की ते पक्के समजावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून अनेक कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. म्हणून त्यावरची अक्षरे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, घरातल्या वाचता येणाऱ्या माणसाने नीट तपासून घ्यावीत.

दुसरी गोष्ट जिभेची. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला जे नाव धड म्हणता येत नाही, त्याचे आठवड्यात दुसरेच काही होते. मुलींच्या नावाविषयी मनूने सांगितलेले एक मात्र खरे आहे की ते सुखाने उच्चारता यावे. हा नियम मुलांनाही लावावा.

तिसरी गोष्ट अर्थाची. एखाद्या थोर माणसाचे नाव किंवा आडनाव मुलाला देताना हे लक्षात घ्यावे की थोर माणसाविषयीचे जगाचे मत पुढे बदलू शकते. मुलाचे नाव मात्र तेच राहते. जवळच्या उपकारकर्त्याचे नाव अधिक टिकाऊ असते, कारण त्याची साक्ष घरातच असते.

चौथी गोष्ट आडनावाची. नाव आपण निवडतो, आडनाव निवडत नाही, असे आपण धरून चालतो. वर पाहिले त्याप्रमाणे हे पूर्ण खरे नाही. आडनावे माणसांनीच घेतली, टाकली, गावावरून बनवली, मुलांच्या नावांत घातली. ज्या वस्तूला माणसाने एकदा हात लावला आहे तिला पुन्हा लावता येतो.

राहता राहिला माझा स्वतःचा प्रश्न. तांदळाचे ताट माझ्यापुढेही कधीतरी येईल. आमच्या घराण्यातून परीक्षेच्या प्रमाणपत्रावर चढलेले पहिले मुलीचे नाव माझे आहे, आणि ते तसेच राहावे अशी माझी इच्छा आहे. हे मी घरी सांगितले आहे. आईने ‘पुढचे पुढे बघू’ असे म्हटले. आजी मात्र म्हणाली की ताटातले तांदूळ शेवटी शिजवूनच खायचे असतात.